वीजबिल का वाढले, हे मीटरच्या लाल दिव्यावरून कसे शोधावे

मे महिन्याचे वीजबिल हाती आले की सोलापुरातील अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते: मीटर पळते आहे. कोणी रीडिंग घेणाऱ्यावर शंका घेतो, कोणी नव्याने बसवलेल्या मीटरवर, तर कोणी शेजाऱ्यावर. या शंका क्वचित खऱ्याही ठरतात. परंतु त्या खऱ्या आहेत की नाहीत हे ठरवण्याचे साधन आपल्या दाराशीच बसवलेले असते आणि ते वापरण्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. वीज वाचवण्यासाठी घरोघरी होणारा बराचसा खर्च वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो मोजणीच्या आधी केला जातो. ज्या घरात सर्वाधिक वीज गिझर आणि जुने पंखे घेतात, तिथे दिवे बदलले जातात. ज्या घरात इन्व्हर्टरची बिघडलेली बॅटरी रात्रंदिवस चार्ज होत राहते, तिथे नवा फ्रीज येतो. म्हणून आधी मोजावे आणि मगच बदलावे, हा क्रम या लेखात धरला आहे.

बिलातील कोणते आकडे पाहावेत

बिलाची एकूण रक्कम पाहून शोध सुरू करू नये. त्या रकमेत मागील थकबाकी, सुरक्षा ठेवीची मागणी किंवा आधीच्या महिन्याचे समायोजन मिसळलेले असू शकते आणि त्यांचा या महिन्यात वापरलेल्या विजेशी संबंध नसतो. प्रथम चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि वापरलेली युनिट एवढेच पाहावे. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी घर बंद असल्याचा, रीडिंग उपलब्ध नसल्याचा किंवा मीटर सदोष असल्याचा शेरा असेल, तर ते बिल सरासरीवर काढलेले असते; अशा वेळी घरातील उपकरणांवर राग काढण्यात अर्थ नाही, मीटरवरचा खरा आकडा महावितरणला कळवणे हेच पहिले काम असते. रीडिंग घेतले गेले नसेल, तर ते ग्राहकाने स्वतः पाठवण्याची सोय महावितरणच्या मोबाइल ॲपवर आहे.

यानंतर बिल किती दिवसांचे आहे ते पाहून युनिटना दिवसांनी भागावे. एक बिल २८ दिवसांचे आणि पुढचे ३४ दिवसांचे असेल, तर रोजचा वापर तेवढाच असूनही बिल वाढलेले दिसते. दिवसाची युनिट हाच एक आकडा महिन्यामहिन्यांची तुलना करण्यास योग्य आहे, आणि तो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावा. एप्रिलची तुलना जानेवारीशी करून काहीही हाती लागत नाही.

दरांच्या टप्प्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. महावितरणच्या घरगुती वर्गवारीत ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात. वापर ३०० च्या पुढे गेला म्हणून सगळ्या युनिटना वरचा दर लागत नाही. पहिल्या १०० युनिटना पहिलाच दर लागतो, पुढच्या २०० ना दुसरा, आणि त्यापुढच्या युनिटनाच तिसरा. मात्र पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास असल्यामुळे, वाचवलेले प्रत्येक युनिट हे आपल्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते हे लक्षात ठेवावे. वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क अशी भर पडते. म्हणजे एक युनिट वाचले की त्याच्या छापील दराहून अधिक पैसे वाचतात.

लाल दिव्याचा हिशेब

इलेक्ट्रॉनिक मीटरच्या दर्शनी बाजूला एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ पल्स किंवा कॅल अशी इंग्रजी अक्षरे असतात आणि मीटरच्या पट्टीवर एका युनिटमागे किती वेळा हा दिवा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. घरगुती सिंगल फेज मीटरवर बहुधा ३२०० हा आकडा आढळतो. काही मीटरवर १६०० किंवा दुसराही असतो, म्हणून बॅटरीच्या उजेडात काचेवरची धूळ पुसून तो नीट वाचून घ्यावा. ३२०० याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट मोजले गेले.

आता हिशेब सोपा होतो. ३६,००,००० या संख्येला मीटरवरच्या आकड्याने भागावे. ३२०० साठी उत्तर ११२५ येते. एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत जितके सेकंद जातील, त्यांनी ११२५ ला भागले की घरात त्या क्षणी किती वॅट वीज वापरली जात आहे ते कळते. दोन लुकलुकींमध्ये १५ सेकंद गेले, तर ७५ वॅट, म्हणजे एक जुना छताचा पंखा चालू आहे. दीड सेकंद गेला, तर ७५० वॅट. दिवा फार जलद लुकलुकत असेल, तर दहा लुकलुकींचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून त्याला दहाने भागावे. मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी असे अनेक आकडे आळीपाळीने येत असतात. त्यांतील ज्या आकड्यासमोर केडब्ल्यूएच (किलोवॅट-तास, म्हणजेच युनिट) हे एकक असते तेवढेच रीडिंग असते. अनेक जण घाईत दुसराच आकडा टिपतात आणि मग बिलाशी तो जुळत नाही म्हणून अस्वस्थ होतात.

मोजणी रात्री जेवणे झाल्यावर, सगळी निजानीज होण्याच्या सुमारास करावी. प्रथम घरातील प्रत्येक दिवा, पंखा आणि उपकरण नेहमीच्या सवयीने बंद करावे, म्हणजे टीव्ही रिमोटने, मोबाइलचा चार्जर तसाच खोचलेला, राउटर चालू. फ्रीजचे बटण मात्र या मोजणीपुरते बंद ठेवावे, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन हिशेब बिघडवतो. एवढे करूनही दिवा दर ३० सेकंदांनी लुकलुकत असेल, तर सुमारे ३७ वॅट वीज कोणी न वापरता जात आहे. ही वीज चोवीस तास जात असल्यामुळे महिन्याला ती २७ युनिट होते, आणि पावसाळ्यात दीडशे युनिटच्या आत राहणाऱ्या घरात हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता एकेका उपकरणाची पिन काढत जावी आणि प्रत्येक वेळी दोन लुकलुकींमधील वेळ पुन्हा मोजावा. बहुतेक घरांत सर्वांत मोठा दोषी सेट-टॉप बॉक्स निघतो. रिमोटने बंद केल्यावरही तो दहा वॅटच्या आसपास वीज घेत राहतो, म्हणजे महिन्याला सात युनिटांहून थोडे अधिक. त्याखालोखाल राउटर येतो. नवा टीव्ही बंद असताना जेमतेम अर्धा ते एक वॅट घेतो, परंतु त्याच्या सेटिंगमध्ये लवकर सुरू होण्याची सोय चालू केलेली असेल तर तो पूर्ण झोपतच नाही आणि कित्येक पट वीज घेतो. ही सोय बंद केल्यास टीव्ही सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढेच. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि स्पीकर यांना एकच बटण असलेला एक्स्टेन्शन बोर्ड लावणे हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. मोबाइलचे रिकामे चार्जर मात्र फारच थोडी वीज घेतात. त्यांच्यामागे लागून घरातल्या मंडळींना रोज बोलणे ऐकवण्याची गरज नाही.

इन्व्हर्टरची तपासणी वेगळी करावी. बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि आदल्या काही तासांत वीज गेलेली नसताना इन्व्हर्टरचा पुरवठा बंद करून लुकलुकीतला फरक पाहावा. बॅटरी जुनी होऊन आतून खराब झाली असेल, तर ती भरल्यानंतरही सतत चार्जिंग ओढत राहते आणि हाताला कोमट लागते. अशी बॅटरी वीज गेल्यावर दहा मिनिटेही टिकत नाही आणि वीज असताना मात्र दिवसभर बिल वाढवते. तिच्यात नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीही घालू नये. आपल्याकडील पाण्यातील क्षार प्लेटांवर बसतात, म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

शेवटी घराचा मेन स्विच पूर्ण बंद करावा. त्यानंतर दिवा पूर्णपणे थांबला पाहिजे. तो तरीही लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधून दुसरीकडे कुठे तरी वीज जात आहे किंवा मीटरमध्येच दोष आहे, आणि इथून पुढे स्वतः हात न घालता महावितरणला कळवावे. जुन्या वाड्यांत आणि गिरणीच्या काळातील चाळींत, जिथे अनेक मीटर एका फळीवर असतात आणि वायरिंगमध्ये वेळोवेळी जोड दिलेले असतात, तिथे ही एक चाचणी बाकी सर्वांपेक्षा मोलाची आहे. काही मीटरवर ईएल अशी अक्षरे असलेला आणखी एक दिवा असतो. तो लागला असेल, तर फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेली वीज न्यूट्रलने (परतीच्या तारेने) पूर्ण परत येत नाही, म्हणजे ती कुठे तरी जमिनीत गळते आहे किंवा न्यूट्रल दुसऱ्या घराशी जोडला गेला आहे. पैशांपेक्षा जिवाच्या दृष्टीने हा दिवा महत्त्वाचा आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो बसवून घ्यावा.

पंखे, कूलर आणि एसी

सोलापूरचा उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर राहतो आणि स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत पंखा बंद होतच नाही, म्हणून पंख्यापासून सुरुवात करावी. जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटारीचा, पंखा त्याच वेगाला ३० वॅटच्या आसपास. दिवसाचे १५ तास धरल्यास एका पंख्यामागे महिन्याला साधारण २० युनिट वाचतात आणि तीन पंख्यांमागे ६०. घरातील सगळे पंखे एकदम बदलण्याची आवश्यकता नाही. सर्वांत जास्त तास चालणारा, म्हणजे बहुधा मधल्या खोलीतला पंखा आधी बदलावा आणि पाहुण्यांच्या खोलीतला तसाच राहू द्यावा.

आपल्या हवेला एसीपेक्षा कूलर अधिक मानवतो, असे मी आग्रहाने म्हणेन. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, म्हणून हवा जितकी कोरडी तितका तो अधिक गारवा देतो. जो कूलर मुंबईत केवळ दमटपणा वाढवतो तोच सोलापुरात मेच्या दुपारी खोली राहण्याजोगी करतो. मध्यम आकाराचा कूलर पंपासह १५० ते २०० वॅट घेतो. १८० वॅट आणि आठ तास धरल्यास महिन्याला ४३ युनिट होतात. दीड टनाच्या एसीने ताशी एकच युनिट घेतले तरी तेवढ्याच तासांत २४० युनिट होतात. परंतु कूलर लावून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्यास त्याचा उपयोग होत नाही, कारण खोलीतील ओलसर हवा बाहेर गेल्याशिवाय नव्या हवेला गारवा येत नाही. कूलर खिडकीत बसवून त्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा झडप चार बोटे उघडी ठेवावी. मृग नक्षत्र लागून हवेत ओल आली की पंप बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा. त्या दिवसांत पाणी चालू ठेवल्याने अंग चिकट होण्यापलीकडे काही साधत नाही.

पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र टाकीत उरतात, म्हणून केवळ वरून पाणी घालत न राहता टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. पॅडवर पांढरे थर बसले की हवा अडते आणि पंखा तेवढीच वीज घेऊन कमी गारवा देतो. टाकी कोरडी केल्याने डासांची पैदासही थांबते. एक गोष्ट घरातील प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, बजावून सांगावी: पाणी भरण्याआधी कूलरची पिन काढलीच पाहिजे. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेला प्लग यांमुळे दर उन्हाळ्यात महाराष्ट्रात माणसे दगावतात.

एसी असेलच, तर त्याबद्दलच्या अर्ध्या तक्रारी रिमोटवरच्या चिन्हांमुळे होतात. हवा येते परंतु गार नाही, अशी तक्रार असेल तर रिमोटवर बर्फाच्या फुलाचे चिन्ह आहे की नाही ते प्रथम पाहावे. नुसत्या पंख्याचे चिन्ह असेल तर कॉम्प्रेसर चालतच नाही, आणि थेंबाचे चिन्ह असेल तर यंत्र ओल काढण्याच्या कामाला लागलेले असते, जे पावसाळ्यासाठी योग्य आहे. तापमान १६ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, कारण खोली तापलेली असताना यंत्र तसेही पूर्ण ताकदीने चालते. फरक एवढाच की नंतर ते थांबत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात, आणि तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ब्युरोचे सांगणे आहे. २६ अंश आणि मंद पंखा ही जोडी आमच्या भागात पुरेशी होते. धुळीमुळे जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते, आणि गच्चीवरच्या बाहेरील युनिटला मोकळी हवा ठेवून सावली करता आली तर अवश्य करावी. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात द्यावा. त्यामुळे पंखा, कूलर आणि एसी तिघांचेही काम कमी होते.

नवे यंत्र घेताना केवळ तारे मोजू नयेत. तारांकनाचे निकष ठरावीक काळाने कडक होतात, म्हणून काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. दोन यंत्रांची तुलना त्यावरूनच करावी. एसीच्या बाबतीत तो आकडा वर्षाला १६०० तास चालवल्याचे गृहीत धरून काढलेला असतो, त्यामुळे आपला वापर त्याहून कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात हिशेब करावा.

पाणी आणि वीज

उजनीचे पाणी शहरात रोज येत नाही, त्यामुळे बहुतेक घरांत हौद, गच्चीवर टाकी आणि मोटार हे त्रिकूट असते. बिल वाढले की बोट पहिल्यांदा मोटारीकडे जाते, परंतु मोजून पाहिल्यास ती बहुधा निर्दोष ठरते. एक अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण एक युनिट घेते; दर चार-पाच दिवसांनी दोन तास चालली तरी महिन्याला ती १५ युनिटच्या आतच राहते. मोटारीबाबत वेळेची नोंद मात्र ठेवावी. टाकी भरायला पूर्वी ४० मिनिटे लागत असतील आणि आता तासाहून अधिक लागत असेल, तर फूट व्हॉल्व्ह (हौदातल्या नळीच्या टोकाची झडप) गळतो आहे, इम्पेलर (पाणी ढकलणारे आतले चाक) झिजला आहे किंवा गल्लीतील सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्याने व्होल्टेज पडले आहे. व्होल्टेज पडलेले असताना गुणगुणत थांबलेली मोटार तशीच चालू ठेवल्यास तिच्या आतल्या तारेचे वाइंडिंग जळते, म्हणून ती लगेच बंद करावी. नळाला थेट मोटार जोडणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय त्यामुळे शेजारच्या घरांचे पाणी ओढले जाते.

गिझरचा हिशेब मोटारीच्या उलट निघतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त वीज लागते; चार माणसांच्या आंघोळीला दोन युनिट धरल्यास महिन्याचे ६० होतात. तो दिवसभर चालू ठेवल्यास टाकीतील पाणी थंड होत राहते आणि पुन्हा पुन्हा तापवले जाते, ती वीज वेगळीच. मार्चपासून पुढे गच्चीवरच्या टाकीतले पाणीच इतके तापलेले असते की गिझरचे बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. हिवाळ्यात गिझरमधून करकर किंवा खदखद असा आवाज येऊ लागला आणि पाणी तापायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागू लागला, तर कॉइलवर क्षारांचा थर बसला आहे असे समजावे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्यावा आणि त्याच वेळी आतील मॅग्नेशियमचा रॉड तपासायला सांगावे. तो झिजून संपला की टाकीच गंजू लागते.

वॉशिंग मशीन मध्येच थांबून पडद्यावर काही अक्षरे दाखवते, तेव्हाही दोष पुष्कळदा याच पाण्याचा असतो. पाणी येत नसल्याची खूण असेल, तर नळ बंद करून मशीनच्या मागची नळी फिरवून काढावी. आत छोटी जाळी दिसेल, ती पकडीने अलगद ओढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवावी आणि जुन्या टूथब्रशने घासून परत बसवावी. टाकी मशीनच्या अगदी वर, थोड्याच उंचीवर असेल तर पाण्याचा दाब मुळातच कमी पडतो आणि तिथे जाळी साफ करून भागत नाही. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये गरम पाण्याचा कार्यक्रम निवडल्यास आतला हीटर चालतो आणि एका धुण्याला साध्या पाण्याच्या कित्येक पट वीज लागते. रोजच्या कपड्यांना त्याची गरज नसते.

दुरुस्तीसाठी फोन करताना कंपनीचा क्रमांक मोबाइलवर शोधून जो पहिला दिसेल तो लावू नये. असे अनेक क्रमांक फसवणूक करणाऱ्यांनी पसरवलेले असतात. वॉरंटी कार्डावरचा किंवा यंत्राच्या पाठीवर चिकटवलेला क्रमांकच वापरावा, आणि त्या पट्टीचा फोटो आधीच काढून ठेवावा, म्हणजे मॉडेल आणि अनुक्रमांक विचारला की ओले मशीन भिंतीपासून ओढावे लागत नाही. रिमोट चालत नसेल, तर त्याचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट उजेड चमकला तर रिमोट ठीक आहे आणि दोष यंत्रात आहे, नाही तर सेल बदलावेत.

नवे मीटर, संदेश आणि तक्रार

महावितरण आता स्मार्ट मीटर बसवत आहे. त्याचे बिल सध्या महिना संपल्यावरच येते, आणि ॲपवर तासातासाचा वापर पाहता येतो. या मीटरवर दिवसा ९ ते ५ या वेळेत वापरलेल्या विजेच्या दरात घरगुती ग्राहकांना सवलत मिळते. तिचा आकडा बिलावर पाहून घ्यावा आणि मोटार, धुणे व इस्त्री ही कामे त्या वेळेत उरकावीत. पूर्व भागात घरातच यंत्रमाग असणाऱ्यांनी माग आणि घर यांच्या जोडण्या वेगळ्याच ठेवाव्यात, कारण यंत्रमागासाठी वेगळी वर्गवारी आहे आणि माग घरगुती मीटरवर आढळल्यास दंडाची कारवाई होते.

आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या मोबाइल क्रमांकावर संपर्क साधा, असा संदेश आला तर तो खोटा आहे. महावितरण खासगी मोबाइल क्रमांकावरून असे संदेश पाठवत नाही. त्या माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये, दहा रुपयेसुद्धा भरू नयेत, आणि पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. वीजपुरवठ्याच्या खऱ्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. घरातील काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करावा आणि मग फोन करावा, कारण त्या काही मिनिटांत टीव्ही आणि फ्रीज दोन्ही जळू शकतात.

मीटर खरोखर चुकीचे मोजते आहे असे वाटत असेल, तर तक्रारीआधी आठवडाभर रोज सकाळी ठरावीक वेळी रीडिंग लिहावे आणि मेन स्विच बंद करून केलेल्या चाचणीचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा. त्यानंतर शाखा कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून आल्याचा पुढे काही उपयोग होत नाही. तिथे समाधान झाले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा मार्ग आहे. वादातील बिल आहे म्हणून काहीच न भरता बसू नये. निषेध नोंदवून रक्कम भरल्यास वीज तुटण्याचा धोका राहत नाही आणि तक्रारही जिवंत राहते.

गच्चीवरील सौरऊर्जा

वरील मोजणी वर्षभर केल्यावरच गच्चीवरच्या सौरऊर्जेचा विचार करावा, कारण किती किलोवॅटचा संच लागेल हे त्या आकड्यांवरूनच ठरते. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत घरगुती ग्राहकाला एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. दिवसाची गरज सहा युनिट असताना विक्रेत्याच्या आग्रहाखातर पाच किलोवॅटचा संच घेऊ नये. आधी पंखे बदलून आणि बंद असूनही वीज घेणारी उपकरणे आवरून गरज कमी करावी, म्हणजे संचही लहान लागतो. शेजारची इमारत, पाण्याची टाकी किंवा झाडाची सावली सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कुठे पडते ते हिवाळ्यात पाहून घ्यावे, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात. आपल्याकडील धुळीमुळे पॅनेल उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी धुवावे लागतात. ते ऊन चढण्यापूर्वी धुवावेत, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि बोअरचे पाणी वापरावे लागले तर काच लगेच मऊ फडक्याने कोरडी करावी, नाही तर क्षारांचे डाग पडून त्यांच्याखालचा भाग वीज कमी देतो.